नियमांचा वचक नेमका कोणावर बसतो? हौशी ड्रोन आणि बेजबाबदार उड्डाणे

२१ सप्टेंबर २०१७ रोजी संध्याकाळी न्यूयॉर्कमधील स्टेटन आयलंडच्या किनाऱ्याजवळ अमेरिकी सैन्याचे एक ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर सुमारे ३०० फूट उंचीवर एका हौशी ड्रोनवर आदळले. हेलिकॉप्टर सुखरूप उतरले, पण त्याच्या मुख्य पात्याला पोचा आला होता आणि ड्रोनचे काही तुकडे त्यातच अडकून राहिले होते. त्या तुकड्यांतल्या एका मोटरवर छापलेल्या क्रमांकावरून तपास अधिकारी आधी उत्पादक कंपनीपर्यंत आणि तिथून खरेदीदारापर्यंत पोहोचले. त्या गृहस्थांनी आपले ड्रोन सुमारे अडीच मैल दूर, म्हणजे नजरेच्या पार पलीकडे नेले होते. ते परत आले नाही तेव्हा काहीतरी बिघाड होऊन ते पाण्यात पडले असावे, अशी त्यांनी आपली समजूत करून घेतली होती. टक्कर झाल्याची बातमी त्यांना प्रथम मिळाली ती तपास अधिकाऱ्यांकडूनच. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेमुळे त्या दिवसांत तिथे तात्पुरते हवाई निर्बंध होते, याचाही त्यांना पत्ता नव्हता. असे काही असलेच तर ड्रोनचे ॲप सांगेल, यावर ते विसंबून होते, आणि ॲपने काही सांगितले नाही.

ड्रोनविषयीच्या नियमांची चर्चा निघाली की दोन टोकाची मते हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, जबर दंड लावा, दोन-चार जणांना तुरुंगात टाका, म्हणजे बाकीचे आपोआप ताळ्यावर येतील. दुसरे म्हणजे, नियम पाळणारे नियमांशिवायही नीटच वागतात आणि न पाळणाऱ्यांना नियमांचे सोयरसुतक नसते, तेव्हा हा सगळा खटाटोप व्यर्थ आहे. स्टेटन आयलंडची घटना या दोन्ही मतांना अडचणीत आणते. आपण काही मोडतो आहोत हे ज्याला पुरते ठाऊकच नाही, त्याला दंडाची भीती कशी थांबवणार? आणि तरीही त्याला थांबवता आले असते, हेही तितकेच खरे, कारण उड्डाणापूर्वी त्या दिवसाचे निर्बंध तपासायचे असतात आणि ड्रोन नजरेआड न्यायचे नसते, एवढ्या दोन गोष्टी त्याच्या अंगवळणी पडल्या असत्या तर ही टक्कर झाली नसती.

शिक्षेच्या भीतीने माणूस गुन्ह्यापासून परावृत्त होतो का, हा प्रश्न ड्रोनपेक्षा फार जुना आहे. इटालियन विचारवंत चेझारे बेकारिया याने १७६४ मध्ये मांडलेला विचार आजही या चर्चेचा पाया मानला जातो: शिक्षेचा धाक तिच्या क्रौर्यात नसून ती टळणार नाही या खात्रीत असतो. पुढच्या काळात गुन्हेशास्त्रज्ञांनी वचकाचे तीन घटक वेगळे काढले. पकडले जाण्याची शक्यता किती, शिक्षा किती लवकर होते आणि ती किती कडक आहे, हे ते तीन. यांपैकी पहिल्याचे वजन सर्वांत जास्त आणि तिसऱ्याचे सर्वांत कमी, असेच आजवरचा अभ्यास साधारणपणे सांगतो. सरकारांना मात्र नेमका तिसरा घटक सर्वांत सोयीचा वाटतो, कारण कायद्यातला दंडाचा आकडा वाढवायला एक दुरुस्ती पुरते, तर पकडण्याची शक्यता वाढवायला माणसे, यंत्रणा आणि पैसा लागतो. अमेरिकेने २०२४ च्या कायद्याने ड्रोनसंबंधीच्या एका उल्लंघनासाठीचा दिवाणी दंड ७५,००० डॉलरपर्यंत नेऊन ठेवला. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण तो भरणारा सापडला तरच.

आणि सापडणे हीच हौशी ड्रोनच्या बाबतीतली खरी अडचण आहे. उडवणारा आणि उडणारी वस्तू एका जागी नसतात. ड्रोन दिसले तरी माणूस एखाद्या गच्चीवर, झाडामागे किंवा उभ्या गाडीत असू शकतो. बॅटरी साधारण अर्धा तास चालते आणि त्यानंतर सगळा सरंजाम पाठीवरच्या पिशवीत मावतो. १२ ऑक्टोबर २०१७ रोजी कॅनडात क्युबेक शहराच्या विमानतळाकडे उतरत असलेल्या आठ जणांच्या एका छोट्या प्रवासी विमानाला सुमारे १,५०० फुटांवर ड्रोनची धडक बसली. त्या वेळी तिथल्या हौशी ड्रोनसाठी उंचीची मर्यादा ३०० फूट होती. म्हणजे नियम होता, दंडही होता, आणि ड्रोन मर्यादेच्या पाचपट उंचीवर होते. ते कोणी उडवले हे कधीच कळले नाही. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसल्याच्या वार्तांमुळे सुमारे १,००० उड्डाणे रद्द झाली किंवा दुसरीकडे वळवावी लागली आणि सुमारे १,४०,००० प्रवासी अडकून पडले. पोलिसांनी एका दांपत्याला अटक केली, ते निर्दोष निघाले, त्यांना नंतर भरपाई द्यावी लागली, आणि तपास कोणालाही न पकडता बंद झाला. ज्या खेळात पकडले जाण्याची शक्यता इतकी कमी आहे, तिथे दंडाची रक्कम दहापट केली काय आणि शंभरपट केली काय, बेदरकार माणसाच्या हिशेबात फारसा फरक पडत नाही.

इथे ‘बेजबाबदार’ हा शब्द जरा फोडून पाहावा लागतो, कारण त्याच्या पोटात फार वेगवेगळी माणसे दडलेली आहेत. सर्वांत मोठा गट बहुधा अजाण लोकांचा आहे: खोके उघडले, बॅटरी भरली आणि उडवले. आधुनिक ड्रोन स्वतःचा तोल स्वतः सांभाळते, बोट काढले की हवेत एका जागी स्थिर राहते आणि एका बटणावर घरी परतते. पूर्वी रेडिओवर चालणारे लहान विमान उडवायला महिनोन्‌महिने शिकावे लागे, बहुतेक जण एखाद्या क्लबात जात, आणि त्या शिकण्यात हवाई शिस्तही न सांगता अंगी येई. आता कौशल्य यंत्रात आले आणि त्याबरोबर येणारी शिस्त मागेच राहिली. ड्रोनमुळे उभा राहिलेला प्रश्न मुळात इथे सुरू होतो असे मला वाटते. दुसरा गट नियम माहीत असूनही ‘एवढ्याने काय होते’ म्हणणाऱ्यांचा, तिसरा कॅमेऱ्यासाठी आणि वाहवेसाठी वाटेल ते करणाऱ्यांचा, आणि चौथा, संख्येने लहान पण सर्वांत घातक, खरोखर वाईट हेतू असलेल्यांचा. तुरुंगात निषिद्ध माल टाकायला ड्रोन पाठवणारा माणूस नोंदणीचा अर्ज भरायला बसणार नाही, हे उघड आहे. पण त्याच्या उदाहरणावरून सगळे नियम निरुपयोगी ठरवणे म्हणजे पहिल्या तीन गटांना हिशेबातून वगळणे आहे. तिसऱ्या गटाविषयी एक गमतीची बाब अशी की तो स्वतःच स्वतःला पकडून देतो. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात एका हौशी उडवणाऱ्यावर १,८२,००० डॉलरहून अधिक दंड प्रस्तावित झाला, आणि त्याच्याविरुद्धचा पुरावा म्हणजे त्याने स्वतः अभिमानाने यूट्यूबवर टाकलेले व्हिडिओ.

आता प्रत्यक्ष नियम काय करतात ते पाहू. अमेरिकेत हौशी ड्रोनधारकांची नोंदणी २१ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झाली. शुल्क पाच डॉलर होते आणि पहिल्या महिन्याभरात सुमारे तीन लाख लोकांनी नावे नोंदवली. मे २०१७ मध्ये न्यायालयाने ही सक्ती रद्द केली, कारण हौशी मॉडेल विमानांवर नवे नियम लादू नयेत असे २०१२ च्या कायद्यातच म्हटले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने ती पुन्हा लागू केली. युरोपीय संघात ३१ डिसेंबर २०२० पासून सर्व सदस्य देशांना समान नियम लागू झाले, भारताने ऑगस्ट २०२१ मध्ये ‘ड्रोन नियम’ आणले, आणि ब्रिटनमध्ये २०१९ च्या अखेरीपासून उडवणाऱ्याची ऑनलाइन चाचणी आणि मालकाची नोंदणी अशा दोन स्वतंत्र अटी आल्या. तपशील वेगवेगळे असले तरी सांगाडा सारखाच आहे: ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवा, साधारण १२० मीटर म्हणजे ४०० फुटांच्या वर नेऊ नका, विमानतळांपासून दूर राहा, लोकांच्या डोक्यावरून उडवू नका.

या सांगाड्यात नोंदणीचे काम नेमके काय? वाहनाच्या नंबरपाटीने अपघात टळत नाहीत, पण धडक देऊन पळून गेलेल्याला शोधता येते, आणि आपल्याला शोधता येते ही जाणीव चालकाच्या वागण्यात कुठेतरी मुरते. ड्रोनवर चिकटवलेल्या नोंदणी क्रमांकाची अडचण ही की तो जमिनीवरून वाचता येत नाही. ड्रोन कुठेतरी पडले, हाती लागले, तरच क्रमांकाचा उपयोग. म्हणजे नुसत्या नोंदणीने पकडले जाण्याची शक्यता फारशी वाढत नाही. तरीही मी ती निरर्थक म्हणणार नाही, कारण नोंदणीच्या निमित्ताने माणूस एकदा तरी नियमांच्या पानासमोर येऊन बसतो. ब्रिटनच्या चाचणीत ४० प्रश्न असतात आणि उत्तीर्ण व्हायला ३० बरोबर यावे लागतात. अमेरिकेतील हौशी लोकांची चाचणी तर अशी आहे की तीत नापास होताच येत नाही; चुकलेल्या प्रश्नाचे उत्तर का चुकले ते समजावून पुन्हा विचारले जाते. परीक्षा म्हणून ही थट्टा वाटेल, पण अजाण गटासाठी, म्हणजे सर्वांत मोठ्या गटासाठी, ती कदाचित सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाययोजना असेल, कारण तिथे कमतरता भीतीची नसून माहितीची आहे.

नियमाची मर्यादा कुठे आखली जाते, यावरही त्याचा परिणाम ठरतो, आणि या बाबतीत २५० ग्रॅमची गोष्ट मोठी बोलकी आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतील एका कृती गटाने हिशेब असा मांडला की उंचीवरून पडणारी वस्तू डोक्यावर सुमारे ८० जूल ऊर्जेने आदळली तर जीव जाण्याची शक्यता लक्षणीय होते. सुमारे २५ मीटर प्रति सेकंद वेगाने पडणाऱ्या पाव किलोच्या वस्तूची ऊर्जा तेवढीच भरते: वस्तुमानाची निमपट गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे सुमारे ७८ जूल. त्यावरून २५० ग्रॅमखालच्या ड्रोनना नोंदणीतून सूट मिळाली, आणि हाच आकडा पुढे जगभर पसरला. हा सगळा हिशेब जमिनीवरच्या माणसाचा होता, हे मात्र पुढे विसरले गेले. तेच पाव किलोचे ड्रोन ताशी २५० किलोमीटरने, म्हणजे सुमारे ७० मीटर प्रति सेकंद वेगाने येणाऱ्या विमानासमोर आले तर टक्करीची ऊर्जा ६०० जूलच्या वर जाते, कारण वेग जवळपास तिप्पट झाला की ऊर्जा जवळपास आठपट होते.

उत्पादकांनी काय केले ते सांगायला नकोच. २०१९ मध्ये डीजेआय या चिनी कंपनीने नेमके २४९ ग्रॅमचे ड्रोन बाजारात आणले, आणि जपानमध्ये तेव्हा मर्यादा २०० ग्रॅमची होती म्हणून तिथे त्याच ड्रोनची १९९ ग्रॅमची आवृत्ती विकली. कायद्याच्या शब्दांत मावेल इतके वजन घटवणे हा गुन्हा नव्हे, आणि हलके ड्रोन जमिनीवरच्यांसाठी अधिक सुरक्षित आहे हेही खरे. पण जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यांच्या वेळी काय झाले पाहा. आग विझवण्यासाठी कॅनडातून आणलेल्या पाणी टाकणाऱ्या एका विमानाच्या पंखावर ड्रोन आदळले, पंखाला भोक पडले आणि ऐन आणीबाणीत ते विमान जमिनीवर खिळून राहिले. ड्रोन होते नेहमीच्या बॅटरीसह २५० ग्रॅमच्या आत बसणाऱ्या जातीचे. उडवणाऱ्याने ते वाहनतळाच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून सोडले, वणव्याच्या दिशेने सुमारे अडीच किलोमीटर नेले आणि वाटेत ते त्याच्या नजरेआड झाले. त्या भागात उड्डाणबंदी होती. त्याने गुन्हा कबूल केला आणि ६५,००० डॉलरहून अधिक भरपाई व १५० तासांची समाजसेवा मान्य केली. पाहायला गेला होता म्हणे नुकसान किती झाले आहे ते! दुष्ट हेतू नाही, कुतूहल आहे. आणि कुतूहलाने पाडलेल्या भोकाची डागडुजीही तेवढीच करावी लागते.

पकडले जाण्याची शक्यता वाढवण्याचा खरा प्रयत्न म्हणजे ‘रिमोट आयडी’. या पद्धतीत ड्रोन उडताना ब्लूटूथ किंवा वायफायवरून स्वतःचा ओळख क्रमांक, जागा, उंची, वेग आणि वेळ सतत प्रसारित करते, आणि त्याच्या जोडीला उडवणाऱ्याची किंवा उड्डाण जिथून झाले त्या ठिकाणची जागाही कळते. आसपासच्या कोणालाही फोनवर ती माहिती टिपता येते. क्रमांकामागचे नाव मात्र फक्त अधिकृत यंत्रणेलाच पाहता येते. अमेरिकेत उडवणाऱ्यांना हा नियम सप्टेंबर २०२३ पासून लागू झाला, पण उपकरणांच्या तुटवड्यामुळे प्रत्यक्ष अंमलबजावणी मार्च २०२४ पर्यंत लांबणीवर पडली. वचकाच्या दृष्टीने ही तरतूद दंडाच्या आकड्यापेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे, कारण ड्रोन आणि माणूस यांच्यातले तुटलेले नाते ती पुन्हा जोडते. ‘एवढ्याने काय होते’ म्हणणारा दुसरा गट नेमका इथे वरमतो. उणिवाही आहेतच: संकेताचा पल्ला मर्यादित असतो, तो ऐकायला जवळपास कोणी तरी असावे लागते, घरी सुटे भाग जोडून बनवलेल्या ड्रोनमध्ये तो बसवलेला नसू शकतो, आणि ज्याला लपायचेच आहे तो यंत्र बंद करण्याच्या युक्त्या शोधतो. शिवाय आपण कुठे उभे आहोत हे कोणाही अनोळखी माणसाला कळावे का, हा हौशी लोकांचा आक्षेप मला अगदीच पोकळ वाटत नाही.

पकडण्याच्या या प्रयत्नाला आणखी एका गोष्टीचे ग्रहण लागते, ते म्हणजे लोकांच्या नजरेचे. रात्रीच्या आकाशातला दिवा किती मोठा आणि किती दूर आहे, हे माणसाला ठरवता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात गूढ ड्रोन दिसल्याची आवई उठली. काही आठवड्यांत ५,००० हून अधिक तक्रारी आल्या आणि त्यांतून पुढे तपास करण्याजोगे धागे निघाले ते सुमारे १००. बाकी बरेचसे विमाने, हेलिकॉप्टरे, कायदेशीर ड्रोन आणि चक्क तारे होते. त्यामुळे विमानतळांजवळ दर महिन्याला ड्रोन दिसल्याच्या १०० हून अधिक वार्ता येतात, हे अमेरिकी हवाई प्रशासनाचे म्हणणे जपूनच वापरायला हवे. नियम आले तरी वार्ता थांबल्या नाहीत, म्हणून नियम निष्फळ, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही, कारण त्याच काळात ड्रोनची संख्या वाढली, लोकांचे लक्ष आकाशाकडे वळले आणि दिसलेली प्रत्येक वस्तू ड्रोनच होती असेही नाही. नेमक्या याच कारणासाठी उलटा दावाही करता येत नाही.

माणसाला न पटवता थेट यंत्रालाच आवर घालण्याची वाट म्हणजे जिओफेन्सिंग: ड्रोनच्या आज्ञावलीत विमानतळांसारख्या निषिद्ध जागांचे नकाशे भरलेले असतात आणि त्या हद्दीत ते उडतच नाही. अजाण आणि निष्काळजी या दोन्ही गटांवर यासारखा उपाय नाही, कारण तो कोणाच्या सद्बुद्धीवर अवलंबून नसतो. पण बहुतेक ठिकाणी तो कायद्याने सक्तीचा नव्हता. कंपन्यांनी तो स्वतःहून बसवला होता. त्याच जानेवारी २०२५ मध्ये, लॉस एंजेलिसच्या टक्करीनंतर अवघ्या चार दिवसांनी, डीजेआयने अमेरिकेतील हा अडसर काढून त्याजागी फक्त इशारे ठेवण्याचे जाहीर केले. युरोपात तिने तसे आधीच केले होते. जबाबदारी उडवणाऱ्याची आहे आणि कायदा आमच्याकडून एवढेच मागतो, असा कंपनीचा युक्तिवाद. कायद्याच्या भाषेत तो चुकीचा नाही, आणि म्हणूनच सरकारांनी ही गोष्ट कंपनीच्या मर्जीवर सोडायला नको होती.

या सगळ्याची किंमत मोजतो तो सरळमार्गी हौशी माणूस. अमेरिकेतील मॉडेल विमानांची राष्ट्रीय संघटना १९३६ पासून आहे आणि तिच्या क्लबांनी अनेक दशके स्वतःच्या नियमांनी शिस्त राखली. वणव्यावर ड्रोन नेणाऱ्यामुळे रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात लाकडी विमान उडवणाऱ्या निवृत्त गृहस्थांना अर्ज भरावा लागणे, हे चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यासारखे त्यांना वाटले तर नवल नाही. हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. नियम किचकट किंवा उघडपणे अतार्किक असले की चांगली माणसेही आधी एखादा नियम दुर्लक्षित करतात आणि मग हळूहळू सगळ्याच नियमांविषयी बेफिकीर होतात. जो नियम पाळणे सोपे आणि ज्याचे कारण समजण्याजोगे, त्यालाच मन मान देते; १२० मीटरची मर्यादा त्याच्या वर विमाने असतात म्हणून आहे, हे एकदा कळले की ती जाच वाटत नाही. क्लबच्या ठरलेल्या मैदानांवर रिमोट आयडीशिवाय उडवायला अमेरिकेने दिलेली सवलत म्हणूनच शहाणपणाची आहे.

मर्यादा मात्र खाली येत चालल्या आहेत. जपानने जून २०२२ मध्ये नोंदणीची मर्यादा १०० ग्रॅमवर आणली, आणि ब्रिटनने १ जानेवारी २०२६ पासून १०० ग्रॅमच्या पुढच्या सर्व ड्रोनसाठी उडवणाऱ्याची चाचणी सक्तीची केली. ब्रिटनच्या या बदलात एक बारकावा आहे. १०० ते २५० ग्रॅममधल्या ड्रोनला कॅमेरा नसेल तर मालकाची नोंदणी लागत नाही, चाचणी मात्र लागतेच. कॅमेरा असेल तर दोन्ही लागतात. म्हणजे नाव-पत्त्याच्या जाळ्यापेक्षा माहितीचे जाळे अधिक रुंद टाकले आहे. स्टेटन आयलंडवाल्या गृहस्थांसारख्यांची संख्या दुष्ट हेतूवाल्यांपेक्षा कितीतरी अधिक असणार हे लक्षात घेता, दोहोंपैकी एकच जाळे रुंद करायचे असेल तर ते हेच असायला हवे होते.